पदरचं वाक्य

‘गाढवाचं लग्न’ म्हटलं की दादू इंदुरीकर आठवतात, आणि ते रास्तच आहे. हरिभाऊ वडगावकरांच्या या वगातला सावळ्या कुंभार त्यांनी असा रंगवला की पुढे जो कुणी ते काम करायला उभा राहिला, त्याला लोकांनी दादूंच्याच मापाने मोजलं. पण सावळ्या एकटा बोलत नाही. त्याच्यासमोर त्याची बायको गंगी उभी असते आणि ती ऐकून घेणाऱ्यातली नाही. सावळ्याने फेकलेलं वाक्य ती झेलते, उलटवते आणि त्याच्याच गळ्यात घालते. ही गंगी प्रभा शिवणेकर करायच्या. वग लिहिलेला असला तरी फडावर तो पाठ करून म्हणत नाहीत. कथेचे टप्पे ठरलेले, गाणी ठरलेली, मधलं बोलणं त्या रात्रीचं. सावळ्याने एखाद्या गावी नवीन काही काढलं तर गंगीला त्याच दमात उत्तर सुचावं लागे. नाही सुचलं तर हशा अर्ध्यातच बसे आणि सावळ्याही उघडा पडे. दादूंच्या विनोदाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. गंगीच्या उत्तरांबद्दल किती?

या पुस्तिकेचा विषय ती बाई आहे. समोरच्याच्या वाक्यावर तिला जागच्या जागी उत्तर सुचतं, त्यावर प्रेक्षागृह हसतं, आणि पुढे कधीतरी कॅमेऱ्यासमोर जाऊन ती नटी म्हणून नाव काढते. आतल्या पानांत खेळ आहेत, दोघी-तिघींनी करायचे सराव आहेत, आवाजाचे आणि ऐकण्याचे पाठ आहेत. ते इथे पुन्हा सांगण्यात हशील नाही. मला बोलायचं आहे ते या कारकिर्दीबद्दल. ती मराठीत कुठून आली, कुठे अडली, पडद्यावर गेल्यावर तिचं काय होतं. मराठी विनोदात उत्तर देणारी बाई पहिल्यापासून आहे, असं माझं म्हणणं आहे. फक्त तिच्या वाक्याचा हशा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाला. कधी जोडीदाराच्या, कधी लेखकाच्या, आणि कधी तर साडी नेसलेल्या पुरुषाच्या.

तमाशाकडे बघा. गण होतो, मग गौळण. गौळणीत कृष्ण आहे, पेंद्या आहे, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आहेत, आणि मावशी आहे. मावशी म्हणजे त्या साऱ्या खेळाची जीभ. ती कृष्णाला थांबवते, पेंद्याला झापते, पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यालाही सोडत नाही. सुरुवातीला तमाशात बायकांची सगळीच कामं नाच्या पोऱ्या करायचा. पठ्ठे बापूरावांसोबत पवळा हिवरगावकर उभी राहिली आणि तिला बघायला, ऐकायला लोक लोटले. त्यानंतर बाईशिवाय तमाशा उरला नाही. विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर यांनी तर फड स्वतःच्या नावावर चालवले. कांताबाईंनी पुरुषांच्या भूमिकासुद्धा गाजवल्या. एवढं सगळं बदललं, पण मावशी पुरुषच राहिला.

असं का झालं असावं? मला वाटतं, लुगडं नेसलेला बाप्या वाट्टेल ते बोलला तरी कुणाची अब्रू जात नाही. बोलणं बाईचं, हिंमत पुरुषाची, हसायला सगळे मोकळे. तेच वाक्य खऱ्या बाईच्या तोंडून आलं की ते विनोद म्हणून ऐकलं जात नाही, तिच्या चारित्र्याचा पुरावा म्हणून ऐकलं जातं. बाई तमाशात आली ती नाचायला आणि गायला. बोलायचं काम तिच्याकडे आलं ते उशिरा, तेही वगातल्या बायकोच्या किंवा राणीच्या भूमिकेतून. म्हणून गंगी महत्त्वाची. ती नाचून नाही, भांडून खेळ पुढे नेते.

हे सगळं जुनं झालं म्हणावं तर घरातला टीव्ही लावा. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये झी मराठीवर सुरू झालं. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे आणि श्रेया बुगडे. स्त्रीपात्रं भरपूर, स्त्री एक. बाकीच्या साड्या पुरुषांच्या अंगावर. भाऊ कदम साडी नेसून नुसते येऊन उभे राहिले तरी लोक हसत. तो त्यांच्या अंगचा गुण आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण श्रेयाचं काम त्यांच्यापेक्षा अवघड होतं, हे म्हणायला हवं. साडी नेसलेल्या पुरुषाला पहिला हशा कपड्यावर मिळतो. तिला तो फुकटचा हशा नव्हता. शिवाय ती ज्या नट्यांची नक्कल करायची, त्यांतल्या काही जणी पाहुण्या म्हणून समोरच बसलेल्या असायच्या. नक्कल थोडी कमी पडली तर फसते, थोडी जास्त झाली तर समोरची दुखावते. पाहुणीचा चेहरा वाचत वाचत पुढचं वाक्य ठरवायचं, ते ज्याला जमतं त्याला कुठल्याही भाषेत पोट भरता येईल.

अमेरिकेतही हाच घोळ होता. शिकागोमध्ये १९५९ साली सुरू झालेली सेकंड सिटी ही मंडळी उत्स्फूर्त विनोदाची पंढरी मानली जाते. तिथल्या संचात वर्षानुवर्षं पुरुष चार आणि बायका दोन असा हिशेब असे. १९९० च्या दशकात तो समसमान करायची वेळ आली, तेव्हा बायकांना पुरेशा भूमिका मिळणार नाहीत अशी शंका निघाली. तेव्हा संचात असलेल्या टीना फेने पुढे ‘बॉसीपँट्स’ या २०११ च्या पुस्तकात या शंकेची यथेच्छ चेष्टा केली आहे. खेळाला संहिताच नाही, पात्रं आपणच उभी करायची, मग भूमिका कमी पडतील कशा? तीच टीना १९९९ मध्ये ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ची पहिली स्त्री मुख्य लेखिका झाली आणि पुढे ‘थर्टी रॉक’मधून नटी म्हणूनही घरोघरी पोचली. ज्या खेळांवर ही सगळी मंडळी उभी राहिली ते तरी कुणाचे? व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईचे. शिकागोच्या वस्त्यांत देशोदेशींहून आलेल्या कुटुंबांची मुलं एकत्र खेळावीत, बोलावीत म्हणून तिने ते रचले. त्यांचं पुस्तक १९६३ मध्ये निघालं. तिचा मुलगा पॉल सिल्स हा सेकंड सिटीच्या संस्थापकांपैकी एक. खेळ आईचे आणि मंचावर जागा मात्र मोजून दोन.

शिकागोला जायची तरी काय गरज म्हणा. गंगाखेडात राहणाऱ्याला हा प्रकार कीर्तनातच बघायला मिळतो. जनाबाई आमच्या गावची. तेराव्या शतकात या गोदाकाठी जन्मली आणि लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिली. तिची एक गोष्ट कीर्तनकारांची आवडती आहे. जनाबाईची कीर्ती ऐकून कबीर तिच्या दर्शनाला पंढरपुरात येतात. (कालगणना लावायला जाऊ नये, कीर्तनात सगळे संत समवयस्क असतात.) बघतात तो दोन बायका गोवऱ्यांवरून कडाकडा भांडताहेत. कबीर विचारतात, बाई, इथे जनाबाई कुठे राहते? त्यांतली एक म्हणते, मीच की, काय काम आहे? कबीर चाट. ही संत? ती म्हणते, आलाच आहात तर निवाडा करा. गोवरी कानाला लावून बघा, जिच्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी.

आता हा प्रसंग चांगला कीर्तनकार कसा करतो ते नीट बघा. उपरणं एका झटक्यात पदर होतं. एक हात कमरेवर, दुसरा हवेत. आवाज दोन पट्ट्या वर चढतो आणि भाषा पुस्तकातून निसटून आमच्या बोलीत येते: “काय वं, माझ्या गोवऱ्या उचलायलीस व्हय?” मग दुसरी बाई. ती नाकात बोलते. मग भांडणात आजचा काळ शिरतो. गॅसची टाकी महाग झाली म्हणून तर गोवऱ्या चोरायलीस, असं काहीतरी येतं. ते काल शेजारच्या गावात नव्हतं, उद्या असेलच असंही नाही. एखादी म्हातारी पुढे बसून तोंडाला पदर लावून हसत असते. तो तिच्याकडे बोट करून म्हणतो, ह्या मावशींनी पाहिलंय, विचारा त्यांना. मंडपात सगळ्यांत मोठ्याने हसतात त्या बायका, कारण हे भांडण त्यांच्या घरातलं आहे, शब्द त्यांचे आहेत, हातवारेही त्यांचेच. करतो मात्र पुरुष. आता कीर्तनकार बायका पुष्कळ आहेत, चांगल्या आहेत. हा प्रसंग त्याही सांगतात, पण मी ऐकलेल्या बऱ्याच जणी भांडण सावरून घेतात आणि लगबगीने विठ्ठलाच्या आवाजापाशी येतात. भांडणारी जनी बाईने उभी करणं अजून आपल्या पचनी पडलेलं नाही.

१९४९ मध्ये ही जनाबाई पडद्यावर दिसली, ‘संत जनाबाई’त. काम हंसा वाडकरांचं. त्याआधी १९४१ मध्ये त्यांनी ‘संत सखू’ केला होता आणि १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’त तमाशातली बया. मग १९५९ मध्ये अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. तो पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. त्याच नावाने हंसाबाईंनी आत्मचरित्र सांगितलं, ज्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये स्मिता पाटीलला घेऊन ‘भूमिका’ केला. आयुष्यातली काही वर्षं मराठवाड्यातल्या एका खेड्यात, पडद्यापासून तोडल्यासारखी काढली, हेही हंसाबाईंनी आत्मचरित्रात झाकलेलं नाही. हंसाबाई विनोदी नटी नव्हत्या. तरी त्यांचं नाव इथे घेते, कारण त्यांच्या भूमिका शेजारी मांडल्या की त्या काळच्या मराठी पडद्यावर बाईसाठी ठळक खण कोणते होते ते दिसतं. संत किंवा नाचणारी. हसवणारीला वेगळा खण नव्हता. आत्मचरित्र वाचताना मात्र वाटतं की या बाईकडे तिखट, स्वतःलाही न सोडणारी जीभ होती आणि तिचा उपयोग कुणी केला नाही.

पुरुषाला हा रस्ता मोकळा होता. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात हवालदार झालेले दादा कोंडके रोजच्या वर्तमानपत्रातली बातमी उचलून प्रयोगात घालायचे. त्याला आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत अ‍ॅडिशन घेणं म्हणतात, जुनी मंडळी पदरचं वाक्य टाकणं म्हणायची. आशा भोसल्यांनी त्यांचं काम पाहून भालजी पेंढारकरांना सांगितलं, १९६९ मध्ये ‘तांबडी माती’ मिळाला, १९७१ मध्ये स्वतःचा ‘सोंगाड्या’. मंचावरचा हजरजबाबी माणूस पाच-सहा वर्षांत निर्माता होऊन बसला. ‘सोंगाड्या’पासून ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’पर्यंत त्यांच्यासमोर उभी होती ती उषा चव्हाण. दादांच्या द्व्यर्थी संवादांवर खूप चर्चा झाली, सेन्सॉरशी त्यांची भांडणंही गाजली. पण त्या संवादाचा दुसरा अर्थ आपल्याला कळलाच नाही असा चेहरा ठेवायचा, किंवा बरोबर कळला आहे असं फक्त डोळ्यांनी सांगायचं, हे काम उषाबाईंचं. त्यांनी तो चेहरा चुकवला असता तर तो विनोद न राहता नुसता चावटपणा झाला असता. समोरच्याचा विनोद उभा करणं हाही अभिनयच, पण त्याची टाळी वेगळी मोजत नाहीत.

इथे एक गोष्ट जवळून दाखवते. आमच्याकडच्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मुलींचं प्रहसन होतं. एसटीतला प्रसंग, गाडी गंगाखेड–परभणी, चार खुर्च्या म्हणजे बस. कंडक्टरचं काम करणारी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दैठणा येऊन गेलं होतं, पोखर्णीचे दोघे उतरायचे होते, आणि लाइट गेली. माइकही गेला. मागच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. अंधारातून त्या मुलीचा आवाज आला: “लाइट गेली म्हणून तिकीट माफ न्हाई झालं! ज्याचं राह्यलंय त्यानं बोला, आवाजावरून वळखते मी.” शिट्टी वाजवणाऱ्यांतलाच एक ओरडला, “एक परभणी!” ती म्हणाली, “सुट्टे दे.” सगळा मंडप हसला. मग जनरेटर लागेपर्यंत तिने अंधारात बस चालवली. शिट्टीवाल्याला खिडकीतून हात आत घ्यायला लावला, पाहुण्यांना राखीव जागेवरून उठवलं. लाइट आल्यावर गडबड झाली. मघाचं वाक्य चाललं म्हणून तिने शेवटाकडे ते पुन्हा घेतलं, आणि कुणीच हसलं नाही. वाक्य तेच होतं. अंधार नव्हता. परीक्षकांनी निकालात या प्रहसनाला खाली टाकलं, संहितेबाहेर गेल्याबद्दल. मुलीला अंधारातलं वाक्य का चाललं आणि उजेडातलं का पडलं हे कुणी सांगितलं नाही. या पुस्तिकेतला दुसरा पाठ त्यावरच आहे.

नाटकात घेतलेली अ‍ॅडिशन त्या प्रयोगापुरती असते. पडली तरी उद्याचा प्रयोग आहेच. कॅमेऱ्यासमोर हिशेब बदलतो. चित्रपटात एकच प्रसंग आधी लांबून घेतात, मग जवळून, मग समोरच्या पात्राच्या खांद्यावरून. लांबच्या शॉटमध्ये तुम्हाला एक झकास वाक्य सुचलं आणि तुम्ही बोलून गेलात, तर जवळच्या शॉटमध्ये तेच वाक्य, त्याच जागी, हातातला कप त्याच उंचीवर धरून पुन्हा बोलावं लागतं. नाहीतर संकलकाला ते जोडता येत नाही. म्हणजे जे आपसूक आलं, ते चार-पाच वेळा आपसूक आल्यासारखं करायचं. मंचावर भल्याभल्यांना भारी पडणाऱ्या कितीतरी मुली इथे अडखळतात. पहिला टेक सोन्यासारखा, तिसऱ्यापासून पाठांतर ऐकू यायला लागतं. याला उपाय एकच आहे, समोरच्याचं वाक्य दर टेकला खरोखर ऐकणं. आपलं वाक्य तेच असलं तरी ते कशाचं उत्तर आहे हे दर वेळी नव्याने कानावर पडलं पाहिजे. मागे लोक हसले होते हे विसरायचं. तिथे हसायला कुणी नसतं, लाइटवाला जांभई देत असतो.

टीव्हीवरचे स्किटचे कार्यक्रम या दोहोंच्या मधले. सोनी मराठीवर २०१८ पासून चाललेली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ घ्या. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी या जोडीचा कार्यक्रम. स्किट लिहिलेलं असतं, तालीम झालेली असते, पण समोर दाद देणारी माणसं असतात आणि अनेक कॅमेरे एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे मध्ये काही घडलं तर ते वापरता येतं. कुणाला हसू आवरलं नाही, कुणाचा विग सरकला, तर त्यावरच पुढचे दोन पंच निघतात. घरात बसलेल्या प्रेक्षकाला लिहिलेल्या विनोदापेक्षा हा घसरलेला क्षण जास्त आवडतो, आणि कलाकारांनाही ते आता कळलं आहे. कळलं आहे म्हणून कधी कधी मुद्दाम घसरतात, तेही दिसतं. तरी विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, शिवाली परब, प्रियदर्शिनी इंदलकर या मुली-बायकांनी या कार्यक्रमात केलेलं काम मराठी टीव्हीवर आधी फारसं नव्हतं. एकाच संचात इतक्या हसवणाऱ्या बायका, आणि प्रत्येकीची हसवायची रीत वेगळी. विशाखा समीर चौघुलेसमोर उभी राहिली की जोर कुणाचा जास्त हे सांगता येत नसे. नम्रताची लॉली तर आवाजावरूनच ओळखू येते.

या सगळ्यांच्या आधी निर्मिती सावंत. ‘जाऊ बाई जोरात’ने त्यांना रंगमंचावर नाव दिलं आणि ‘कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक’ने घरोघरी पोचवलं. गंगूबाई शिकलेली नाही, पण तिला उत्तर देता येतं, आणि ती देते ते समोरच्याच्या शहाणपणाला. निर्मितीबाईंचं शरीर मोठं, आवाज मोठा, आणि त्या दोन्ही गोष्टींवर त्यांनी कधी दुसऱ्याला आधी हसू दिलं नाही. स्वतःच आधी हसवून घेतलं, म्हणजे तो विषय संपला. मला त्यांचं सगळ्यांत मोठं काम वाटतं ते ‘झिम्मा’तलं. हेमंत ढोमेचा हा चित्रपट नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, करोनानंतर चित्रपटगृहं नुकतीच उघडली होती तेव्हा. इंग्लंडच्या सहलीला निघालेल्या सात बायका, इरावती कर्णिकचं लेखन. निर्मितीबाईंची निर्मला त्यात नवऱ्याच्या धाकात राहिलेली गृहिणी आहे. गंगूबाईला जे पटकन सुचायचं ते निर्मलाला सुचतं पण ती बोलत नाही. तोंडाशी आलेलं उत्तर गिळतानाचा त्यांचा चेहरा बघा. ज्या बाईने आयुष्यभर उत्तरं दिली तिलाच ते गिळणं इतकं खरं करता येतं.

पडद्यावर हसवणारीला काय भूमिका मिळतात, हा प्रश्न मात्र उरतो. वनिता खरात देशभर ओळखली गेली ती ‘कबीर सिंग’मधली मोलकरीण म्हणून, २०१९ मध्ये. तिच्यामागे नायक धावतो एवढाच तो प्रसंग, पण लोकांना तीच आठवते. नम्रता संभेरावला मोठा चित्रपट मिळाला तो परेश मोकाशींचा ‘नाच गं घुमा’, २०२४ मध्ये. भूमिका पुन्हा कामवालीची, आशाताईंची. मुक्ता बर्वेसमोर. इथे निदान चित्रपट तिच्याही नावाचा होता, आणि नम्रताने आशाताईंना भोळं किंवा बिचारं होऊ दिलं नाही. मालकिणीला जे ऐकवायचं ते ऐकवते आणि डबे घासत राहते. मोलकरणीला बोलायची मुभा आहे, कारण तिच्याकडून मर्यादेची अपेक्षा कमी आहे, असं गणित यामागे असावं. जनाबाईही स्वतःला नामदेवाची दासी म्हणवून घ्यायची आणि त्याच जागेवरून थेट विठ्ठलाशी भांडायची. पण सातशे वर्षांनीही हसवणाऱ्या बाईला बोलण्यासाठी आधी केरसुणी हातात घ्यावी लागते, हे मला खटकतं. डॉक्टर झालेली, तहसीलदार झालेली, बँकेत कर्ज नाकारणारी विनोदी बाई लिहायला लेखकांना अडचण कसली?

विशाखा सुभेदारने २०२२ मध्ये हास्यजत्रा सोडली, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला. चालता कार्यक्रम, जमलेली जोडी, ठरलेला पैसा. पुढे ती स्टार प्रवाहवरच्या ‘शुभ विवाह’ मालिकेत खलभूमिकेत दिसली. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. विनोदी नटीला लोक एकदा हसले की हसायलाच बसतात. ती रडली तरी हसतात. त्यातून वेळेवर बाहेर पडायला धारिष्ट लागतं, आणि खलनायिकेला लागणारं टायमिंग विनोदी बाईइतकं कुणाकडे असणार? टोमणा आणि पंच यांत अंतर किती असतं ते सासुरवाशिणींना विचारा.

बोलीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही छातीठोकपणे म्हणतो आणि ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ हे हसत हसत. ज्या जिल्ह्याला स्वतःवरच अशा दोन म्हणी आहेत, तिथे विनोदाचं बी पेरावं लागत नाही. मकरंद अनासपुरेने मराठवाड्याची बोली पडद्यावर मानाने आणली, भारत गणेशपुरेने वऱ्हाडी. बायकांच्या तोंडची आमची बोली मात्र अजून तिथे तितक्या ठसक्याने आलेली नाही. मुलींना पहिल्या ऑडिशनलाच भाषा शुद्ध करा म्हणून सांगतात. शुद्ध मराठी शिकावीच, ती लागते. पण ‘माय’, ‘वं’, ‘करायलीस’ यांवाचून ज्या मुलीला उत्तर सुचतच नाही, तिने आधी त्यांतच उत्तर द्यावं. सुचणं आणि भाषांतर करणं ही दोन कामं एका क्षणात होत नाहीत.

वाट कशी, तेही सांगते. आपल्या भागातल्या महाविद्यालयीन मुलीसाठी पहिला मंच म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा युवक महोत्सव. प्रहसन, मूकाभिनय, मिमिक्री, एकांकिका सगळं तिथे आहे. प्रहसनाला दहा मिनिटं आणि सहा जण मिळतात. एवढ्यात प्रवेश, गोंधळ आणि शेवट बसवायचा म्हणजे काय ते एकदा केल्यावर कळतं. पुढे राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका स्पर्धा, पुण्यातली असाल तर पुरुषोत्तम करंडक. मग मुंबई. तिथे नाटकात पैसे ‘नाइट’वर मिळतात, म्हणजे प्रयोग झाला तर. मालिकेत दिवसावर. काम नसलेल्या दिवसाचं भाडं दोन्हीकडे तुमचंच. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं. मुलगी टीव्हीवर दिसली म्हणजे मिळवती झाली असं गावाला वाटतं, आणि लग्नाची बोलणी करणाऱ्यांना तर त्याहून भलतंच काही वाटतं. त्या बोलण्यालाही उत्तर द्यावं लागेल. बहुतेकींना ते येत असतंच.

पुस्तिका वाचून संपवायची नाही, करून बघायची आहे. पहिला सराव दोघींचा आहे. एकीने गोवऱ्या आपल्या आहेत असं म्हणायचं, दुसरीने ते नाकारायचं नाही, मान्य करून वर आणखी काहीतरी सांगायचं. भांडण थांबता कामा नये. तिसरी कुणी मिळाली तर तिला समोर बसवा, पण हसायला सांगू नका.